सैनिकाच्या अंगावरची वीज : एक मध्यवर्ती बॅटरी की प्रत्येक उपकरणाची आपापली?

खडकवासलेकर

१६ ऑगस्ट २०२२ रोजी संरक्षणमंत्र्यांनी एफ-इन्सासचं (पायदळाच्या सैनिकासाठीच्या नव्या संचाचं) साहित्य भूदलाकडे सोपवलं, तेव्हा रायफल, हेल्मेट आणि जाकिटावर भरपूर छापून आलं. या धाग्यात त्या सगळ्याला लागणाऱ्या विजेचं बोलू या. रेडिओ, नकाशाचा फोन, थर्मल दुर्बीण, जीपीएस हे पायी चालणाऱ्या माणसाच्या अंगावर तीन दिवस चालवायचं, तर किती वीज लागेल आणि ती कशी न्यायची?

नमुना म्हणून अमेरिकी पायदळाच्या नेट वॉरियर संचातली अंगाला वळणारी सपाट बॅटरी घेतो, कारण तिची मापं उघड उपलब्ध आहेत. सुमारे १५० वॅट-तास, १४.८ व्होल्ट, साधारण २२ × १९.५ सेंमी, जाडी १.८ सेंमी, वजन १.२ किलोच्या आसपास.

तुकडीप्रमुखाचा विजेचा खर्च असा धरला आहे :

- ५ वॅटचा हातातला व्हीएचएफ रेडिओ : बोलताना बॅटरीतून १४ वॅट, ऐकताना २, नुसता चालू असताना १. वेळेची वाटणी १०-१०-८० टक्के. सरासरी २.४ वॅट
- फोन : पडदा चालू असताना ३ वॅट, बंद असताना ०.६. पडदा ३० टक्के वेळ चालू. सरासरी १.३ वॅट
- थर्मल दुर्बीण : २.५ वॅट, २० टक्के वेळ. सरासरी ०.५ वॅट
- जीपीएस रिसीव्हर : ०.५ वॅट

बेरीज ४.७ वॅट. व्होल्टेज बदलणारे कन्व्हर्टर ९० टक्के कार्यक्षम धरले तर बॅटरीतून ५.२ वॅट निघतात. म्हणजे दिवसाला १२५ वॅट-तास आणि ७२ तासांना ३७५. थंडी आणि बॅटरीचं वय यांमुळे क्षमतेचा ७० टक्केच भाग हाती लागतो असं मानलं, तर सोबत ५३५ वॅट-तास हवेत. चार पॅक, पावणेपाच किलो.

प्रश्न दोन. सगळी उपकरणं या एका साठ्यावर टाकावीत का? आणि नसतील टाकायची तर कोणती वगळावीत?

ओहम_गल्ली

गणित ठीक आहे, पण यात हब, म्हणजे पॅक आणि उपकरणं यांच्यामधला वीज वाटणारा डबा, स्वतः खातो ते नाही. एसएमबस या डेटा-वायरीवरून बॅटरीशी बोलणारा, दोन-तीन कन्व्हर्टर जागे ठेवणारा हब सहज ०.३ वॅट घेतो. ७२ तासांत २२ वॅट-तास झाले. हे त्यातल्या त्यात सोसवतं. खरा त्रास कोठारात होतो. हब जोडलेला ठेवून संच कपाटात टांगला की भरलेला पॅक जेमतेम वीस दिवसांत तळाला जातो, आणि तिथून पुढे सेल अडीच व्होल्टच्या खाली घसरतात. दोन व्होल्टच्या खाली गेलेल्या सेलमध्ये ऋण बाजूची तांब्याची पत्री विरघळायला लागते, आणि पुढे चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होतो. म्हणून चांगलं संरक्षक सर्किट असा पॅक कायमचा कुलूपबंद करतं. कुणी "पॅक मेला, वरून व्होल्टेज देऊन उठवू" म्हणालं तर त्याचा हात धरा. उठवायचा नाही, भंगारात काढायचा.

उपाय साधा आहे : हबला यांत्रिक स्विच नाहीतर ५० मायक्रोअँपिअरच्या खालची झोप. निविदेत लिहून घ्या, नाहीतर मिळणार नाही.

दुसरं, सरासरी मोजताना हातातल्या मल्टिमीटरवर जाऊ नका. बोलण्याच्या क्षणाचा प्रवाह त्यात दिसत नाही. पॅक आणि हबच्या मध्ये १० मिलिओहमचा शंट (प्रवाह मोजायचा छोटा रोध) घाला, सेकंदाला निदान हजार नोंदी घेणारा लॉगर लावा आणि पूर्ण सरावभर चालू ठेवा. कागदावरच्या १०-१०-८० वाटणीत आणि खऱ्या जाळ्यावरच्या वाटणीत बराच फरक निघतो. विशेषतः आपोआप एकमेकांचे संदेश पुढे सरकवणारे नवे जाळीदार रेडिओ असतील तर तुमचे २.४ वॅट विसरा. त्यांची सरासरी ८-१० वॅटवर जाते, कारण माणूस गप्प असला तरी रेडिओ इतरांसाठी बोलत असतो.

रानजाई

वाचनखूण साठवली.

एक बाळबोध प्रश्न : प्रत्येक उपकरणाची आपापली बॅटरी असते तेव्हा एक संपली तरी बाकीची चालतात. एकच मोठी ठेवली आणि तीच गेली तर?

सोल्डरगन

@रानजाई, प्रश्न बाळबोध नाही, सगळा वाद तिथेच आहे.

म्हणून शहाणी रचना अशी असते : उपकरणात छोटी बॅटरी राहते आणि मध्यवर्ती पॅक तिला सतत भरत राहतो. केबल तुटली तरी रेडिओ आपल्या बॅटरीवर काही तास चालतो. अंगावर एकाऐवजी दोन पॅक, दोन्ही बाजूंना. संपलेला काढताना दुसरा भार उचलतो.

आता इथे पहिली चूक होते : दोन पॅक थेट पॅरललमध्ये जोडणं. एक भरलेला १६.६ व्होल्टवर, दुसरा १३ वर. फरक ३.६ व्होल्ट. १८६५० सेलच्या चार सिरीज-तीन पॅरलल पॅकचा आतला रोध खोलीच्या तापमानाला ५०-५५ मिलिओहम. दोघांचा आणि वायरीचा मिळून ०.१५ ओहम धरा. २४ अँपिअर! ३ अँपिअरच्या पिना असलेल्या कनेक्टरमधून. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर पिना चिकटतात.

मध्ये डायोड (एकाच दिशेने प्रवाह सोडणारा) टाकणारेही असतात. शॉटकी डायोड ०.४ व्होल्ट खातो, ५ अँपिअरला २ वॅट उष्णता, तीही जाकिटाच्या आत. मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि त्याचा कंट्रोलर वापरून केलेला 'आदर्श डायोड' लावा, १० मिलिओहमचा मॉसफेट घेतला तर पाव वॅटमध्ये काम होतं. आणि उलट प्रवाह किती मायक्रोसेकंदांत तोडतो ते डेटाशीटमध्ये बघून घ्या.

बर्फवाट

सियाचीन-लडाखच्या अंगाने लिहितो, कारण मैदानी हवामानात बसलेलं गणित तिथे उलटंपालटं होतं.

लिथियम-आयन सेल उणे २० पर्यंत वीज देतो, असं डेटाशीट म्हणते. देतो, पण आतला रोध पाच-सहा पट होतो. वर सोल्डरगन यांनी दिलेला ५० मिलिओहमचा पॅक तिथे ०.३ ओहमचा होतो. ५ वॅटच्या रेडिओला याचं फारसं काही वाटत नाही. पाठीवरचा २० वॅटचा रेडिओ याच पॅकवर टाकला तर काय होतं ते बघा.

बोलताना त्याला ५५ वॅट लागतात. पॅकचं बिनभाराचं व्होल्टेज १३.२, म्हणजे पॅक बराच उतरलाय, पण संपलेला नाही. पॅक ०.३, केबल आणि कनेक्टर मिळून ०.१९, एकूण ०.४९ ओहम. रेडिओच्या आतला कन्व्हर्टर ठरलेली शक्ती ओढतो, त्यामुळे व्होल्टेज पडलं की प्रवाह वाढवतो, प्रवाह वाढला की व्होल्टेज आणखी पडतं. समीकरण सोडवलं तर १०.७ व्होल्ट आणि ५.१ अँपिअरवर गाडी स्थिर होते. चालेल. आता एका कनेक्टरमध्ये घाम किंवा बर्फाचं पाणी शिरून ०.२ ओहम वाढले : ९ व्होल्ट, ६.१ अँपिअर. बरेच रेडिओ इथेच स्वतःला बंद करतात. ०.३ ओहम वाढले की समीकरण अगदी काठावर येतं, त्याच्या जरा वर गेलं की उत्तरच उरत नाही (४ × ०.७९ × ५५ = १७३.८, आणि १३.२ चा वर्ग १७४.२). बटण दाबलं की रेडिओ बंद, सोडलं की पुन्हा सुरू. माणूस म्हणतो "रेडिओ बिघडला", कार्यशाळेत २५ अंशांना तपासला की ठणठणीत. अशी तक्रार आली की रेडिओ उघडण्याआधी केबल बघावी.

म्हणून माझं मत : पाठीवरचा मोठा रेडिओ मध्यवर्ती पॅकवर नको. त्याला बीबी-२५९० सारखा स्वतःचा पॅक असावा. त्यात २४ सेल, १४.४ व्होल्टचे दोन स्वतंत्र भाग, आणि उपकरण ते सिरीजमध्ये घेऊन २८.८ व्होल्टवर चालतं. व्होल्टेज दुप्पट, प्रवाह निम्मा, केबलमधली गळती चौथाई. वजन सुमारे १.४ किलो, ते कुठेही घातलं तरी वाहायचंच आहे.

शून्याखाली चार्जिंग नको, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण चूक इथेच होते : पॅक वीज देत असतो, म्हणून लोकांना वाटतं घेतही असेल. शून्याखाली लिथियम ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं. क्षमता जाते ती परत येत नाही, आणि पुढे कधीतरी आतून शॉर्ट होण्याची सोय होते. ० ते १० अंशांत ०.२ सी च्या वर जाऊ नये, म्हणजे १० अँपिअर-तासाच्या पॅकला फार तर २ अँपिअर. आणि तापमान सेलला चिकटवलेल्या थर्मिस्टरवर (तापमान मोजणाऱ्या रोधावर) मोजावं, चार्जरच्या डब्यात नव्हे. तंबूत हवा ८ अंश झाली तरी पॅकचं पोट दोन-तीन तास उणेच असतं.

खडकवासलेकर

@बर्फवाट, मोठा रेडिओ वगळण्याचं पटलं. मग पॅक अंगावर कुठे? शरीराची ऊब मिळावी म्हणून कोटाच्या आत घातला तर रोधाचा प्रश्न बराच सुटतो.

बर्फवाट

सुटतो, पण १५० वॅट-तासांचा पॅक छातीला चिकटवून ठेवायचा का, हा दुसरा प्रश्न उभा राहतो. गोळी किंवा छर्रा लागला तर पेटू नये अशी चाचणी या प्रकारच्या पॅकना असते. ती बघूनच घ्यावेत. तरी माझी पसंती कोटाच्या आत, पण बरगडीच्या बाजूला, चिलखती प्लेटच्या मागे नाही, आणि एका हिसक्यात सुटणाऱ्या खिशात. हातमोजे घालून दोन सेकंदांत निघत नसेल तर खिसा बदला. पेटलेल्या पॅकवर भरपूर पाणी टाकायचं, नुसती ज्वाला विझवून थांबायचं नाही. शेजारचे सेल एकेक करून पेटत जातात, त्यांना गार करणं हे काम आहे. आणि धुरापासून लांब, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतो.

केबलकाका

सगळे सेल-सेल करताय. या प्रणाल्या मरतात त्या केबलमुळे.

१) वायर तुटते ती मध्ये नाही, कनेक्टरच्या मागे दोन-तीन सेंमीवर, जिथे मऊ केबल कनेक्टरच्या कडक आवरणात शिरते. तिथे ताण-आधार हवा आणि वाकण्याची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या निदान आठपट.

२) वायरीचा गेज, म्हणजे जाडी. २४ गेजला मीटरमागे ०.०८४ ओहम. ९० सेंमी केबल म्हणजे जाऊन-येऊन १.८ मीटर, ०.१५ ओहम. चार संपर्कांचे ०.०४ धरा. हेच वर आलेले ०.१९. १४ व्होल्टला चालून जातं. पण त्याच केबलवर ५ व्होल्ट, २ अँपिअर पाठवले तर फोनपाशी ४.६ व्होल्ट पोचतात. फोन जलद चार्जिंग सोडून देतो, कधी चार्जिंगच नाकारतो. ५ व्होल्टचा कन्व्हर्टर फोनच्या टोकाला ठेवा, हबमध्ये नको.

३) कनेक्टर. गोल, सहा पिनांचा, ढकलून बसणारा आणि ओढला की सुटणारा घ्या. आट्यांचा घेतला तर झाडीत केबल अडकल्यावर कनेक्टर सुटत नाही, खिसा फाटतो किंवा माणूस पडतो. पॅकच्या बाजूला कायम उघडी पिन नको. उघड्या पिनेवर व्होल्टेज आणि घाम एकत्र आले की धन पिन हिरवी पडते, आठवडा पुरतो. नेट वॉरियरसारख्या संचात टोप्या दोरीने बांधलेल्या असतात त्या याचसाठी.

४) हेल्मेटवर केबल नको. रायफलवर तर नकोच. रात्रीच्या दुर्बिणीत एए सेल आणि रायफलवरच्या साइटमध्ये सीआर१२३ राहू द्या. बॅटरीचे प्रकार कमी करायचे या हट्टापायी मानेला केबल बांधणं हे कागदावरच छान दिसतं.

रानजाई

एए म्हणजे साधे अल्कलाइन का?

केबलकाका

थंडीत नाही. अल्कलाइनमधलं पाण्याचं द्रावण उणे २० ला जवळजवळ झोपतं. लिथियम-आयर्न डायसल्फाइड एए घ्या, १.५ व्होल्टचेच, १५ ग्रॅम वजन, उणे ४० पर्यंत चालतात. महाग आहेत. चार्ज होत नाहीत, चार्जरमध्ये घालू नका.

तरंगलांबी

केबलकाकांच्या यादीत पाचवा मुद्दा घाला : केबल हा अँटेना असतो.

९० सेंमी लांबीची केबल ८३ मेगाहर्ट्झला बरोबर पाव तरंगलांबी होते. आणि पायदळाचा व्हीएचएफ पट्टा ३० ते ८८ मेगाहर्ट्झ. म्हणजे हबमधल्या ५०० किलोहर्ट्झच्या कन्व्हर्टरची पिलावळ (हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटी; ६० वी ३० मेगाहर्ट्झला, पुढे दर अर्ध्या मेगाहर्ट्झला एक) हीच केबल सगळ्यात प्रेमाने प्रसारित करते, रेडिओच्या अँटेनापासून वीतभर अंतरावर. परिणाम असा की रेडिओ "चालू" असतो, पण लांबचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. पल्ला कमी झाला याचं खापर डोंगरावर फुटतं.

तपास दोन मिनिटांचा. स्क्वेल्च (रिकाम्या वाहिनीची खरखर दाबणारी सोय) उघडा, हब चालू असताना खरखर ऐका, मग रेडिओ स्वतःच्या बॅटरीवर ठेवून हबची केबल काढा. खरखर बदलली तर चोर सापडला. ८-१० वाहिन्यांवर करा, कारण हार्मोनिक मोजक्याच वाहिन्यांवर बसते आणि नेमक्या चाचणीच्या वाहिनीवर नसते.

उपाय : शील्डची जाळी कनेक्टरच्या कवचाला सर्व बाजूंनी ३६० अंशांत पकडलेली हवी. शील्ड पिळून एका शेपटीने पिनेला सोल्डर केली तर व्हीएचएफला तिचा उपयोग नाही. दोन्ही टोकांना गोंगाट अडवणारे फेराइटचे मणी, आणि कन्व्हर्टरच्या इनपुटला कॉमन-मोड चोक. एमआयएल-४६१ ची (विद्युतचुंबकीय गोंगाटाच्या अमेरिकी लष्करी मानकाची) चाचणी हब एकटा नेऊन पास होते. पूर्ण संच, खऱ्या लांबीच्या केबलसह, पुतळ्यावर चढवून करा. हवामानाच्या चाचण्यांसाठी आपल्याकडे जेएसएस ५५५५५ हे लष्करी मानक आहेच.

सोल्डरगन

+१, पुतळ्यावर चढवण्याला विशेष अनुमोदन.

खडकवासलेकर

आता भरण्याची बाजू. चार पॅक वाहण्यापेक्षा दोन पॅक आणि घडीचं सौर पॅनेल? शिवाय चालताना वीज करणारी यंत्रं, फ्यूएल सेल यांचं काय?

ओहम_गल्ली

चालण्याची वीज : २००५ मध्ये झुलत्या ओझ्याच्या पाठपिशवीने ७.४ वॅटपर्यंत आणि २००८ मध्ये गुडघ्यावरच्या जनित्रांनी दोन पायांत मिळून सरासरी ५ वॅट दाखवले, दोन्ही 'सायन्स'मध्ये छापून आलं. आकडे तुमच्या ५.२ वॅटच्या जवळचे, म्हणून मोह होतो. पण माणूस चोवीस तास चालत नाही. सहा तास चालला तर ५ वॅटचे ३० वॅट-तास, गरजेच्या चौथाई, आणि गुडघ्यावर रोज बांधायचं यंत्र. दबा धरून बसलेल्याला शून्य. मी यावर पैसे लावणार नाही.

फ्यूएल सेल : २५ वॅटचे मिथेनॉलवर चालणारे जर्मन संच आहेत, दीड-पावणेदोन किलोचे. एका माणसाला ते परवडत नाहीत. दहाजणांच्या तुकडीत एक, पॅक भरायला, आठवडाभराच्या मोहिमेत, तिथे जमतं. पाणी बाहेर पडतं ते गोठू नये हे बघावं लागतं, आणि हवा लागते, म्हणजे पिशवीत कोंडून चालत नाही. (अवांतर : फ्यूएल सेलवरचं आपलं मोठं काम अंबरनाथच्या एनएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत झालंय, पण ते पाणबुडीसाठी आहे, फॉस्फोरिक आम्लाचं. त्याच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी मार्च २०२१ मध्ये झाली. अंगावर न्यायच्या गोष्टीशी संबंध नाही.)

सौर : ६० वॅटचं पॅनेल दुपारी, नीट तिरपं ठेवलं तर ३५-४० वॅट देतं. एक पॅक भरायला साधारण पाच तास. म्हणजे मुक्काम हवा, आणि चकाकणारं कापड उघड्यावर पसरायची मुभा हवी. लडाखमध्ये एक खास खोड : थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं, अंशामागे ०.३ टक्के. २५ अंशांना बिनभाराचे २२ व्होल्ट देणारं पॅनेल उणे २५ ला २५.३ देतं. २५ व्होल्ट मर्यादेचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) सकाळी ऊन लागताच जातो. ४० व्होल्टचा घ्या.

वाहनावरून भरताना तर आणखी जपा. लष्करी वाहनाची २८ व्होल्टची लाइन एमआयएल-१२७५ या अमेरिकी लष्करी मानकाप्रमाणे ५० मिलिसेकंद १०० व्होल्टपर्यंत उसळू शकते. बाजारातला ३६ व्होल्ट मर्यादेचा कार-चार्जर मोठा भार अचानक सुटला की गेलाच.

रानजाई

पॅकवरच्या पाच दिव्यांवर किती विश्वास ठेवायचा? तीन दिवे असताना बंद पडला असं होतं ना?

बर्फवाट

होतं. दिवे सेलमध्ये उरलेली ऊर्जा दाखवतात, या क्षणी, या थंडीत, या भाराला बाहेर काढता येईल ती नव्हे. बोलताना एक सेल खालच्या मर्यादेला टेकला की संरक्षक सर्किट पूर्ण पॅक तोडतं. १५ मिनिटं काखेत धरा, परत उठतो.

ओहम_गल्ली

आणि उरलेली वीज मोजणारा पॅकमधला मापक वाहवत जातो तो वेगळा. सतत ४०-८० टक्क्यांत फिरणाऱ्या पॅकला स्वतःची क्षमता कळतच नाही. तीन-चार महिन्यांतून एकदा धडा द्यायचा : पूर्ण भरा, दोन तास नुसता ठेवा, पाचव्या हिश्श्याच्या प्रवाहाने (१० अँपिअर-तासाला २ अँपिअर) खालच्या मर्यादेपर्यंत उतरवा, पाच तास नुसता ठेवा, पुन्हा भरा. मधला आराम गाळला तर धडा वाया, कारण स्थिर झालेल्या व्होल्टेजवरूनच तो क्षमता ओळखतो. त्यानंतर एसएमबसवर पूर्ण क्षमतेचा आकडा वाचा आणि पॅकवर तारखेसह चिकटवा. मूळच्या ८० टक्क्यांखाली गेलेले पॅक सरावाला, बाकीचे मोहिमेला.

कोठारात भरून ठेवू नका. १४.६ ते १४.९ व्होल्ट, सावलीत, २५ अंशांखाली. राजस्थानात उन्हात उभ्या वाहनात भरलेले पॅक ठेवले तर एका उन्हाळ्यात म्हातारे होतात.

केबलकाका

विमानाचंही लिहून ठेवतो, चाचणीला पॅक नेणारे अडकतात म्हणून. प्रवासी विमानात १०० वॅट-तासांपर्यंत हातसामानात विनापरवानगी, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची आधी परवानगी, सुटे फार तर दोन. १५० वाला दुसऱ्या गटात बसतो. पॅकवर वॅट-तास छापलेले नसतील तर वाद घालून उपयोग नाही. चेक-इन सामानात सुटी बॅटरी कधीच नाही. दोनपेक्षा जास्त असतील तर मालवाहतुकीने, यूएन ३८.३ चा (लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठीच्या सुरक्षा-चाचण्यांचा) सारांश सोबत लावून आणि ३० टक्क्यांच्या आत उतरवून.

खडकवासलेकर

मग सुधारित मांडणी अशी करतो : रेडिओ (५ वॅट), फोन, जीपीएस मध्यवर्ती साठ्यावर, प्रत्येकात छोटी बॅटरी कायम. मोठा रेडिओ, हेल्मेट, रायफल वेगळे. थर्मल दुर्बीण हातातली असेल तर साठ्यावर. ५ व्होल्टचा कन्व्हर्टर फोनच्या टोकाला. दोन पॅक अंगावर, दोन पिशवीत.

तरंगलांबी

पिशवीतले दोन थंडीत झोपतील. मुक्कामाला झोपण्याच्या पिशवीत घ्यायला सांगा, आणि बदलायच्या तासभर आधी कोटाच्या आत. थर्मल दुर्बिणीची केबल गुंडाळी होणारी नको, तिचा स्प्रिंग उणे १५ च्या खाली कडक होतो. साधी ६० सेंमी पुरे.